ड्रंक अँड ड्राइव्ह: आरटीओने तीन महिने परवाना रोखला, आता कोर्टही अपात्र ठरवणार. एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा होत नाही का?

मालवाहू

नमस्कार मंडळी. मालवाहतुकीच्या गाडीवरच्या एका चालकाचं प्रकरण आहे. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या मोटारसायकलवर, रात्री नाकाबंदीत सापडला. यंत्रात फुंकायला लावलं, आकडा आला ६४. अटक केली नाही, रक्तही घेतलं नाही. लायसन्स जागेवर जप्त, हातात पावती. पुढे आरटीओची कारणे दाखवा नोटीस आली, तो गेला, 'चूक झाली' असं लिहून दिलं आणि तीन महिन्यांच्या निलंबनाचा आदेश घेऊन आला. ते तीन महिने भरले, लायसन्स परत मिळालं.

आता कोर्टाचं समन्स आलंय, मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. कोर्टाच्या आवारात त्याला कुणीतरी सांगितलं की गुन्हा कबूल कर, दहा हजार भर, मोकळा हो. दुसऱ्याने सांगितलं की कबूल केलंस तर कोर्ट परत सहा महिने लायसन्स घालवेल.

माझा प्रश्न सरळ आहे. एका रात्रीच्या एकाच कृत्याला आरटीओचे तीन महिने, वर कोर्टाचे सहा महिने, शिवाय दंड. घटनेच्या अनुच्छेद २०(२) मध्ये हे बसतं का? आणि भोगलेले तीन महिने सहामधून वजा होतात का? त्याचं पोट ट्रकवर आहे, त्यामुळे सहा महिने म्हणजे नोकरीच जाते.

चौथा गिअर

माझ्या मते अनुच्छेद २०(२) सरळ लागू होतो. कलम एक, घटना एक, माणूस एक. आरटीओने शिक्षा दिली की विषय संपला. वकिलाने पहिल्याच तारखेला तसा अर्ज टाकावा.

तालुका वकील

अर्ज टाकता येईल, पण टिकणार नाही. कारण समजून घ्या, म्हणजे जोर कुठे लावायचा तेही कळेल.

अनुच्छेद २०(२) चं संरक्षण एकाच अपराधासाठी दोनदा 'खटला चालवून शिक्षा' होण्यापासून आहे. खटला हवा, शिक्षा हवी आणि दोन्ही न्यायालयापुढे किंवा न्यायिक अधिकरणापुढे झालेलं हवं. हा मुद्दा सुप्रीम कोर्टाने १९५३ मध्येच मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य या निकालात मिटवला. सांताक्रूझ विमानतळावर १०७.२ तोळे सोनं सापडलं होतं. कस्टम्सने ते सरकारजमा केलं आणि नंतर परकीय चलन कायद्याखाली फौजदारी खटलाही भरला. आरोपीचा बचाव हाच होता की सोनं गेलं ही शिक्षा झाली, आता परत खटला कसला? कोर्टाने सांगितलं की कस्टम्स अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे, त्याच्यापुढची कारवाई म्हणजे खटला नव्हे, त्यामुळे नंतरच्या खटल्याला आडकाठी नाही. पुढच्याच वर्षी व्यंकटरमण प्रकरणात खातेनिहाय चौकशीबद्दल तेच धोरण ठेवलं. आरटीओ याच रांगेत बसतो. तो परवाना देणारा अधिकारी आहे आणि दिलेला परवाना काढून घेणं हा त्याचा प्रशासकीय अधिकार आहे.

आता कायद्यात लायसन्सवर नेमके किती घाव आहेत ते बघा. सगळे एकाच नावाने 'सस्पेन्शन' म्हणून ओळखले जातात आणि गोंधळ तिथेच होतो.

रस्त्यावरची जप्ती कलम २०६(४) खाली होते. १८५ घडलं असं मानायला कारण असेल तर पोलिसाने लायसन्स जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवायचं असतं. मिळालेली पावती फक्त पोच आहे. त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही, हे कलमातच लिहिलंय आणि निम्म्या लोकांना ते माहीत नसतं.

मग कलम १९(१अ). हे २०१९ च्या दुरुस्तीने आलं. प्राधिकाऱ्याने म्हणणं ऐकून घ्यायचं आणि एकतर सोडून द्यायचं, नाहीतर सविस्तर लेखी कारणं देऊन पहिल्या वेळी तीन महिने अपात्र ठरवायचं. दुसऱ्या वेळी परवाना रद्दच.

तिसरा घाव कोर्टाचा, मोटार वाहन कायद्याचं कलम २० (घटनेचा अनुच्छेद २० नव्हे). १८५ खाली दोषी ठरवलं की कलम २०(२) प्रमाणे कोर्टाने अपात्रतेचा आदेश द्यायचाच आहे आणि तो सहा महिन्यांहून कमी नाही. त्याच कलमाच्या पोटकलम (३) मध्ये 'विशेष कारणं नोंदवून' वेगळा आदेश करायची मोकळीक आहे, ती (२) मध्ये नाही. त्यामुळे 'साहेब, गरीब माणूस आहे' म्हणून सहाचे चार होत नाहीत. आणि ही अपात्रता म्हणजे दुसरा खटला नव्हे, त्याच खटल्यातल्या त्याच शिक्षेचा तो भाग आहे. दंड आणि कैद एकत्र दिली म्हणून कुणी दुहेरी शिक्षा म्हणत नाही, तसंच हे.

वजावटीबद्दल वाईट बातमी. आरटीओचे महिने कोर्टाच्या महिन्यांतून वळते करण्याची तरतूद कायद्यात नाही. कोठडीतल्या दिवसांची वजावट मिळते (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४२८, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४६८), पण ती फक्त कैदेच्या शिक्षेतून. मात्र कोर्टाला सहाच्या वर जायची मुभा आहे. तिथे आरटीओचा आदेश दाखवून 'तीन महिने आधीच गाडीपासून दूर होता, किमान मुदतीच्या वर जाऊ नये' असा युक्तिवाद जरूर करता येतो.

मालवाहू

म्हणजे दहा हजार भरून मोकळा व्हायचा सल्ला धोक्याचा?

तालुका वकील

अर्धवट आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कबुलीवर बहुतेकदा दंड, कधी कोर्ट उठेपर्यंत कैद. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि दोषसिद्धी झाली की कलम २०(२) मागोमाग येतं. शिवाय पुढच्या वेळी 'दुसरा गुन्हा' मोजला जातो: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही. कबुलीनंतर अपिलाचं दारही जवळजवळ बंद. दोषसिद्धीवर अपील नाही, फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर की नाही एवढ्यावर.

लोकअदालतीत मिटवू म्हणणारेही भेटतील. १८५ तडजोडपात्र गुन्ह्यांच्या यादीत नाही. ई-चलानसारखं ते भरून मिटत नाही.

तुमच्या चालकाच्या बाबतीत खरा मुद्दा वेगळाच आहे. तो मोटारसायकलवर सापडला, ट्रकवर नाही. कलम २०(१) प्रमाणे कोर्ट सगळ्या वर्गांसाठी अपात्र ठरवू शकतं किंवा लायसन्समधल्या विशिष्ट वर्गापुरतं. २०(२) चा आदेश '(१) खालीच' द्यायचा असतो. तेव्हा अपात्रता मोटारसायकलच्या वर्गापुरती ठेवावी, ट्रान्सपोर्टचा वर्ग वगळावा, असा लेखी अर्ज करा. सोबत नोकरीचं पत्र, किती वर्षं ट्रक चालवतो, ट्रकवर आजवर एकही चलान किंवा अपघात नाही याचा कागद. कोर्ट मान्य करेलच असं नाही. सरकारी वकील म्हणेल की दुचाकीवर पिणारा ट्रकवरही पिईल, आणि त्या म्हणण्यात दम आहे. पण मागितलं नाही तर आदेश सरसकट सगळ्या वर्गांचा निघतो.

हा अर्ज शिक्षेच्या आधी द्यायचा. आदेश झाल्यावर कलम २३(३) ची वाट उरते, म्हणजे अपात्रता उठवायला त्याच कोर्टाकडे अर्ज. तो सहा महिने उलटल्यावरच करता येतो. सहा महिन्यांच्याच आदेशाला त्याचा काय उपयोग, तुम्हीच सांगा.

निवृत्त निरीक्षक

वकीलसाहेबांनी कायदा मांडला, मी यंत्राबद्दल सांगतो. केस लढवायची की नाही हे ६४ या आकड्याच्या मागच्या कागदांवर ठरेल.

मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. यंत्र रक्त मोजत नाही, श्वास मोजतं आणि ठरलेल्या गुणोत्तराने रक्ताचा आकडा काढतं. प्रचलित गुणोत्तर २१०० ला १, म्हणजे ३० चा अर्थ एक लिटर श्वासात साधारण ०.१४ मिलिग्रॅम. इतक्या बारीक मापात तोंडात राहिलेली दारू मोठी गडबड करते. नुकताच घोट घेतला असेल, ढेकर किंवा उलटी झाली असेल, अल्कोहोल असलेला माउथवॉश वापरला असेल, तर फुफ्फुसाची हवा येण्याआधीच यंत्र तोंडातली वाफ पकडतं. म्हणून पंधरा मिनिटं थांबून, त्या वेळात काही खाऊ-पिऊ न देता चाचणी घेणं ही बरी पद्धत. नाकाबंदीत रांग लागलेली असते, तिथे हे कितपत होतं ते तुम्ही जाणता. पण खरं बोलायचं तर ६४ हा दुपटीहून जास्त आकडा आहे. 'होमिओपॅथीचं औषध घेतलं होतं' हा बचाव ३३-३४ ला कदाचित ऐकला जाईल, ६४ ला हसतील.

यंत्रातून निघालेली छापील पट्टी बघा. तिच्यावर यंत्राचा क्रमांक, चाचणीचा क्रमांक, तारीख-वेळ, नाव, गाडीचा नंबर, चाचणीआधीचं शून्य रीडिंग आणि दोघांच्या सह्या आहेत का? चाचणीची वेळ आणि दोषारोपात लिहिलेली वेळ जुळते का? यंत्राचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, म्हणजे ते बरोबर मोजतं हे तपासल्याचा कागद, त्या तारखेला चालू होतं का? यंत्र केंद्र सरकारने मान्य केलेल्या प्रकारचं असावं अशी कलम २०३ चीच अट आहे, तेव्हा तो कागद मागायला लाजू नका. आणि पट्टी थर्मल कागदाची असते. खिशात, उन्हात चार महिन्यांत कोरी होते. आजच झेरॉक्स काढा.

दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही म्हणून केस पडेल असं काही जण सांगतात. ती अट कलम २०२ मधली, अटक केलेल्या माणसासाठी आहे आणि तपासणी न झाल्यास परिणाम एवढाच की त्याला कोठडीतून सोडायचं. तुमच्या माणसाला अटकच नव्हती, तेव्हा तो मुद्दा गैरलागू.

चौथा गिअर

मग फुंकायला नकारच द्यावा ना? आकडाच नाही तर पुरावा कुठला?

निवृत्त निरीक्षक

भाऊ, नकार दिला की कलम २०३ खाली बिनवॉरंट अटक होऊ शकते, पोलीस ठाण्यात नेऊन रक्ताची मागणी होते, आणि सबळ कारण नसलेला नकार कलम २०५ प्रमाणे सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी गोष्ट मानता येतो. सुटका सोपी होण्याऐवजी रात्र ठाण्यात जाते.

रक्ताचा विषय निघालाच म्हणून. नमुना घेताना कातडी स्पिरिटने पुसायची नाही, सुईला-सिरिंजला कुठेही अल्कोहोल लागायचं नाही, कुपीत सोडियम फ्लोराइडसारखं परिरक्षक हवं, सील आणि त्याचा ठसा रासायनिक विश्लेषकाच्या अहवालातल्या वर्णनाशी जुळायला हवा. नेहमीच्या सवयीने कापूस स्पिरिटमध्ये बुडवला की उलटतपासणीत सगळ्यात आधी तेच विचारतात.

तालुका वकील

दुहेरी शिक्षेचा मुद्दा महाराष्ट्रात आणखी एका बाजूने येतो, म्हणून जोडतो. काही वेळा १८५ सोबत दारूबंदी कायदा १९४९ ची कलमंही लावलेली असतात: ६६(१)(ब) म्हणजे सेवन, ८५ म्हणजे सार्वजनिक जागी नशेत असणं. अपघात असेल तर न्याय संहितेचं २८१ (बेदरकार चालवणं), कुणी दगावलं तर १०६. इथेही 'एकाच रात्रीचे चार गुन्हे कसे' असं विचारतात. कसोटी कृत्याची नाही, अपराधाच्या घटकांची आहे. १९६१ च्या आपटे निकालात सुप्रीम कोर्टाने हे सांगितलं, आणि २०१९ मध्ये रामचंद्र रबिदास प्रकरणात स्पष्ट केलं की रस्त्यावरच्या अपघाताला मोटार वाहन कायदा आणि भारतीय दंड संहिता दोन्ही लागू होऊ शकतात. १८५ ला गाडी चालवणं लागतं, ६६ ला लागत नाही. दारूबंदी कायद्यातलं ६६(२) चं गृहीतक रक्तात ०.०५ टक्क्यापासून सुरू होतं, म्हणजे ५० मिलिग्रॅम. १८५ मध्ये ३०. घटकच वेगळे.

दुहेरीपणाचा बचाव खरोखर चालतो तो एका जागी: १८५ खाली एकदा सुटका किंवा शिक्षा झाली आणि तोच खटला पुन्हा उभा केला, तर. त्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं कलम ३००, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३३७. ते अनुच्छेद २०(२) पेक्षा रुंद आहे, निर्दोष सुटलेल्यालाही वाचवतं. मात्र निर्दोष सुटलं म्हणून आरटीओचा आदेश आपोआप पुसला जात नाही. त्याच्यावर स्वतंत्र अपील, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत, कलम १९(३).

मालवाहू

३० दिवस तर केव्हाच गेले. आणि सुनावणीत त्याने 'चूक झाली' असं लिहून दिलंय. ते कोर्टात वापरतील का?

तालुका वकील

सरकारी पक्ष तो कागद आणायचा प्रयत्न करू शकतो, म्हणून आरटीओकडच्या फाइलची नक्कल माहिती अधिकारात आत्ताच मागवा. नक्की काय शब्द आहेत ते वाचा. 'चूक झाली, माफ करा' आणि 'मी दारू पिऊन गाडी चालवली' यात फरक आहे.

ज्यांची सुनावणी अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं. लोक नोटिशीला कारकुनी काम समजतात. लेखी उत्तर द्या, कबुली न देता. पट्टीची आणि कॅलिब्रेशनची प्रत मागा. फौजदारी खटला प्रलंबित आहे, तिथला बचाव राखून ठेवतो, हे वाक्य घाला. अपात्र ठरवायचंच असेल तर मुदत जप्तीच्या तारखेपासून मोजावी अशी विनंती करा. जप्ती १० तारखेला आणि आदेश पुढच्या महिन्याच्या २५ ला झाला, आणि तीन महिने आदेशापासून धरले, तर प्रत्यक्षात साडेचार महिने हातात लायसन्स नसतं. उत्तराची दुसरी प्रत, तिच्यावर आवक शिक्का. आदेश छापील नमुन्यातला, कारणांच्या जागी फक्त 'कलम १८५' असं भरलेला असेल, तर 'सविस्तर कारणं' नाहीत हाच अपिलाचा पहिला मुद्दा. आदेशावर सही परवाना प्राधिकाऱ्याची आहे की वाहतूक पोलिसांची तेही बघा. पोलिसाने जप्त करायचं, अपात्र ठरवायचं नाही. २०२२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने पोलिसाने केलेलं निलंबन याच कारणाने चुकीचं ठरवलं.

सॅन होजेकर

हाच प्रश्न अमेरिकेत १९९० च्या दशकात खूप गाजला होता, म्हणून भर घालतो. कॅलिफोर्नियात अटकेच्या वेळीच प्लास्टिकचं लायसन्स काढून घेतात आणि ३० दिवसांचा तात्पुरता कागद देतात. डीएमव्हीकडे (तिथलं आरटीओ) सुनावणी १० दिवसांत मागितली नाही तर निलंबन आपसूक लागू, कोर्टाची तारीख कधीही असो. तिथेही लोकांनी दुहेरी शिक्षेचा मुद्दा काढला. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या हॅल्पर निकालामुळे तो थोडा काळ तगला, १९९७ च्या हडसन निकालाने बहुतेक संपला: परवाना काढणं ही नागरी उपाययोजना, फौजदारी शिक्षा नव्हे.

ओहायोने मात्र वेगळी रेघ ओढली. १९९६ च्या गुस्टाफसन निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोर्टाची शिक्षा होईपर्यंत प्रशासकीय निलंबन उपाययोजना असतं, शिक्षा झाल्यावरही ते चालू ठेवलं तर तो दंड होतो. वकीलसाहेब, असा युक्तिवाद भारतात चालेल का?

एच-१बी (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) वाल्यांनी एक लक्षात ठेवा. नुसत्या अटकेवरही वकिलात व्हिसा मागे घेऊ शकते, खटल्याचा निकाल लागायच्या आधी. तिथे कुणी दुहेरी शिक्षा म्हणून दाद देत नाही.

तालुका वकील

मांडता येईल, पण आपल्याकडे दोन्ही मुदती क्वचितच एकमेकांवर पडतात. आरटीओचे तीन महिने संपून वर्ष होतं तेव्हा खटल्याची तारीख लागते. आपली अडचण उलटी आहे: माणूस दोन वेगवेगळ्या वेळी गाडीवरून उतरतो.

मालवाहू

समजलं. म्हणजे कागद मागवायचे, पट्टी आणि कॅलिब्रेशन बघून लढायचं की कबूल करायचं ते ठरवायचं, आणि कबूल केलं तरी वर्गापुरत्या अपात्रतेचा अर्ज आधी. एकच शेवटचं: कोर्टाने सगळ्या वर्गांसाठी सहा महिने दिले आणि आम्ही अपील केलं, तर तोवर तो ट्रक चालवू शकतो का?

तालुका वकील

नाही. कलम २३(२): अपील प्रलंबित आहे म्हणून अपात्रता थांबत नाही, अपिली कोर्टाने तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय. दंडाला स्थगिती मिळाली म्हणजे अपात्रतेलाही मिळाली असं समजू नका, अर्जात दोन्ही वेगळे मागा. त्या काळात चालवताना सापडला तर कलम १८२ चा नवा गुन्हा, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये किंवा दोन्ही. आणि मालवाहू, हे तुमच्यासाठी: त्या काळात ट्रकचा अपघात झाला तर विमा कंपनी कलम १५० चा आधार घेऊन अपात्र चालकाचा बचाव घेईल, आणि ती रक्कम शेवटी गाडीमालकाकडून वसूल करायला निघेल.

निवृत्त निरीक्षक

मुदत संपल्यावर लगेच स्टिअरिंगवर बसवू नका. लायसन्स परत मिळण्याला उजळणी प्रशिक्षण पूर्ण करण्याची अट कायद्यात आहे, ते प्रमाणपत्र ठेवा. आणि सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर स्थिती बदलली का ते बघा. कागदावर तारीख संपलेली असते, पण पोर्टलवर 'निलंबित' तसंच राहिलेलं असतं. पुढच्या नाकाबंदीत पोलीस मोबाइलवर तेच बघतो. स्क्रीनशॉट आणि मूळ आदेशाची प्रत गाडीत ठेवा, आणि दुरुस्तीचा अर्ज ज्याने आदेश काढला त्याच कार्यालयात द्या, दुसरीकडून ते होत नाही.